दात्यांची नोंदवही कोठे ठेवावी?

सेवाभावी संस्थांसाठी सॉफ्टवेअरची निवड : चेन्नई शहराच्या निमित्ताने

दान देणे हे आपल्या परंपरेत पुण्यकर्म मानले गेले आहे. मिळालेल्या दानाची नोंद ठेवणे हे त्याहून जुने नसले, तरी तितकेच महत्त्वाचे कर्तव्य होय. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंती पाहिल्या म्हणजे याची साक्ष पटते. इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या मंदिराच्या शिलालेखांत राजराज चोळ, त्याची बहीण कुंदवै, त्याच्या राण्या आणि अधिकारी यांनी काय अर्पण केले, दागिना कोणता, त्याचे वजन किती, हे सारे कोरून ठेवले आहे. पुढे त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजे भोसले यांनी आपल्या वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. तंजावरच्या भोसले राज्यकर्त्यांनी यात्रेकरूंसाठी छत्रे, म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या कारभाराचे मोडी लिपीतील कागद आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत.

दगडावरची नोंद हजार वर्षे टिकली, कागदावरची दोनशे वर्षे. आजच्या सेवाभावी संस्थेची नोंद मात्र संगणकावर असते, आणि ती पुढील पावसाळ्यानंतरही हाती राहील ना, असा प्रश्न एखाद्या विश्वस्ताच्या मनात आला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. दात्यांची माहिती सांभाळणारे सॉफ्टवेअर आपल्याच कार्यालयातील संगणकावर बसवावे, की पुरवठादाराच्या सर्व्हरवर ठेवून इंटरनेटद्वारे वापरावे, ही निवड आज लहानमोठ्या सर्वच संस्थांपुढे आहे. आपल्या बँकेच्या ग्राहकांत अशा संस्थांचे पदाधिकारी आहेत, दाते आहेत, आणि त्यांची खाती सांभाळणारे कर्मचारीही आहेत. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करू. कोणत्याही एका उत्पादनाची शिफारस करण्याचा येथे हेतू नाही.

दानशूर शहर आणि नोंदवहीचे काम

या विचारासाठी चेन्नईइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. १९५४ साली अड्यार भागात विमेन्स इंडियन असोसिएशनच्या पुढाकाराने आणि डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या ध्यासातून कर्करोग संस्था सुरू झाली, ती अवघ्या १२ खाटांची. १९७८ साली डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी शंकर नेत्रालयाची स्थापना केली. रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘द बनियन’ ही संस्था १९९३ मध्ये उभी राहिली. दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणासाठी मद्रासमध्येच ‘महारट्टा एज्युकेशन फंड’ स्थापन झाला, ही गोष्ट मराठी वाचकांना विशेष आपुलकीची वाटेल. याच शहरात १९९६ साली ‘ॲडव्हेंटनेट’ या नावाने सुरू झालेली आणि २००९ पासून ‘झोहो’ म्हणून ओळखली जाणारी कंपनी इंटरनेटवरून वापरावयाच्या सॉफ्टवेअरसाठी जगभर ज्ञात आहे. दानाची जुनी परंपरा आणि संगणकाचे नवे शास्त्र, दोन्ही येथे शेजारी शेजारी नांदतात.

दात्यांची नोंदवही म्हणजे केवळ नाव आणि रक्कम नव्हे. चेन्नईतील अनेक बालगृहांना व वृद्धाश्रमांना लोक वाढदिवसानिमित्त किंवा आईवडिलांच्या श्राद्धतिथीस एक वेळच्या जेवणाचा खर्च देतात. वाढदिवस पुष्कळदा इंग्रजी तारखेने नव्हे, तर तमिळ महिन्यातील जन्मनक्षत्राने पाळला जातो. त्यामुळे तो दिवस दरवर्षी निराळ्या तारखेस येतो. ज्या सॉफ्टवेअरला केवळ ‘१४ ऑगस्ट’ एवढेच लक्षात ठेवता येते, ते या दात्याला योग्य दिवशी पत्र पाठवू शकत नाही.

नावांचेही तसेच आहे. तमिळ माणसाला आपल्यासारखे आडनाव बहुधा नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावून तो स्वतःचे नाव लिहितो. एकच गृहस्थ पावतीवर ‘एस. रमेश’, धनादेशावर ‘रमेश एस.’ आणि पॅनकार्डावर ‘रमेश सुब्रमणियन’ असतो, कारण पॅनसाठी आद्याक्षराचा पूर्ण विस्तार द्यावा लागतो. परदेशी धर्तीवर बेतलेल्या सॉफ्टवेअरने ‘पहिले नाव’ आणि ‘आडनाव’ हे दोन रकाने सक्तीचे केले की एका दात्याचे तीन दाते होतात. नोंदवहीतील असा घोळ पुढे करसवलतीच्या प्रमाणपत्रापर्यंत पोहोचतो. म्हणून सॉफ्टवेअर कोठे ठेवावे हे ठरविण्याआधी ते आपल्या माणसांची नावे नीट लिहू शकते का, हे पाहणे अगत्याचे आहे.

दोन पद्धती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘इन्स्टॉल्ड’ म्हणजे संस्थेने परवाना विकत घेऊन आपल्या संगणकावर बसविलेले सॉफ्टवेअर. माहिती कार्यालयातच राहते. संगणक, विजेची सोय, राखीव प्रती आणि दुरुस्ती यांची काळजी संस्थेची. ‘होस्टेड’ म्हणजे पुरवठादाराच्या सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर. संस्थेने मासिक वा वार्षिक शुल्क भरावयाचे आणि इंटरनेटद्वारे कोठूनही काम करावयाचे. यंत्रे, सुधारणा आणि प्रती यांची व्यवस्था पुरवठादार पाहतो. ‘सिव्हीसीआरएम’सारखी काही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर दोन्ही प्रकारे वापरता येतात. संस्थेने ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवावीत किंवा एखाद्या सेवादात्याकडून चालवून घ्यावीत.

बँकेतील ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना हा बदल नवा वाटू नये. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी ऐंशीच्या दशकात बँकांच्या यांत्रिकीकरणाची आणि संगणकीकरणाची दिशा आखून दिली. त्यानंतर बरीच वर्षे शाखेची खाती शाखेतल्याच संगणकावर असत. दिवसअखेर प्रत घेतली जाई आणि ती नीट जपून ठेवण्याची जबाबदारी शाखेवर असे. पुढे कोअर बँकिंग आले आणि सर्व शाखांची खाती एका मध्यवर्ती केंद्रात गेली. ग्राहक ‘शाखेचा’ न राहता ‘बँकेचा’ झाला. परंतु त्याच वेळी बँकांनी आणखी एक गोष्ट केली. मुख्य केंद्रावर आपत्ती ओढवल्यास काम चालावे, म्हणून दूरच्या दुसऱ्या शहरात पर्यायी केंद्र उभारले, आणि ते खरोखर चालते का, याच्या ठराविक काळाने चाचण्या घेतल्या. सेवाभावी संस्थांनी बँकांकडून मध्यवर्ती पद्धत उचलली. पर्यायी केंद्राचा आणि चाचणीचा धडा मात्र पुष्कळांनी घेतलेला दिसत नाही.

चेन्नईचे दोन डिसेंबर

या दोन पद्धतींची कसोटी चेन्नईत एका वर्षाच्या अंतराने लागली.

१ डिसेंबर २०१५ रोजी शहरावर आणि उपनगरांवर अभूतपूर्व पाऊस कोसळला. एकट्या तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटीमीटर पाऊस झाला. चेंबरमबाक्कम जलाशयातून पाणी सोडावे लागले, अड्यार नदी पात्राबाहेर आली आणि सैदापेट, कोट्टूरपुरम, जाफरखानपेट, मुडिचूर अशा वस्त्या पाण्याखाली गेल्या. विमानतळ काही दिवस बंद राहिला. ‘द हिंदू’ हे वृत्तपत्र १८७८ पासूनच्या आपल्या इतिहासात प्रथमच २ डिसेंबरला चेन्नईत छापले गेले नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोहोचूच शकले नाहीत. तळमजल्यावरील कार्यालयांत पाणी शिरले, तेव्हा टेबलाखालचा संगणक आणि शेजारच्या कपाटातील राखीव प्रतीची डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात भिजणार हे उघड आहे. मुंबईकरांनी २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, हेच अनुभवले होते.

सेवाभावी संस्थेच्या दृष्टीने यातील दुर्दैव असे की, आपत्तीच्या दिवसांतच दानाचा ओघ सर्वाधिक असतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर आणि २०१५ च्या पुरानंतर देशापरदेशांतून मदतीचा वर्षाव झाला. ज्या आठवड्यात नोंदवही सर्वांत जास्त हवी असते, नेमक्या त्याच आठवड्यात ती पाण्याखाली असावी, हे केवढे संकट! या प्रसंगी सॉफ्टवेअर दूरच्या सर्व्हरवर असते, तर कोणत्याही कोरड्या घरातून पावत्या देता आल्या असत्या. २०१५ च्या डिसेंबरचा कौल स्पष्टपणे होस्टेड पद्धतीच्या बाजूने जातो.

पण वर्ष उलटते न उलटते तोच, १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने हजारो झाडे उन्मळून पडली. कित्येक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती, मोबाइलचे जाळे विस्कळीत झाले, इंटरनेट मंदावले. महिन्याभरापूर्वीच, ८ नोव्हेंबरला, पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून रद्द झाल्या होत्या. रोख रक्कम हाती नाही आणि कार्डयंत्रे चालत नाहीत, अशा दुहेरी अडचणीत शहर सापडले होते. या आठवड्यात दूरच्या सर्व्हरवरील माहिती पूर्ण सुरक्षित होती, पण ती उघडण्याची वाट बंद होती. ज्याच्याजवळ चार्ज केलेला लॅपटॉप आणि त्यात दात्यांची यादी होती, त्याचे काम चालू राहिले. २०१६ च्या डिसेंबरने इन्स्टॉल्ड पद्धतीला कौल दिला.

दोन्ही प्रसंग एकत्र पाहिले म्हणजे लक्षात येते की, पूर आणि वादळ या दोघांवर एकच उपाय नाही. पाण्यापासून वाचायचे तर प्रत दूर हवी. वीज आणि इंटरनेट गेल्यावर काम चालवायचे तर प्रत जवळ हवी. म्हणजेच ‘हे की ते’ असा प्रश्न मांडला की उत्तर चुकते. एक पद्धत मुख्य म्हणून निवडावी लागेल हे खरे. पण त्या पद्धतीचे जे वैगुण्य, ते झाकणारी दुसरी प्रत तिच्या सोबतीला ठेवलीच पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी चेन्नई पुन्हा जलमय झाली, तेव्हा हा धडा जुना झालेला नाही हेही दिसून आले.

कायदा आणि दात्याचा हक्क

नोंदवही हरवली तर संस्थेची गैरसोय होते, एवढ्यावर हा विषय थांबत नाही. दात्याचा हक्कही तिच्यात गुंतलेला असतो. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम ८०-जी नुसार जुन्या करपद्धतीत राहणाऱ्या करदात्यास देणगीवर वजावट मिळत आली. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगी त्यास पात्र नसे. पूर्वी संस्थेची छापील पावती त्यासाठी पुरत असे. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून मात्र व्यवस्था बदलली. संस्थेने वर्षभरातील देणग्यांचे विवरण ‘१० बीडी’ या नमुन्यात ३१ मेपर्यंत प्राप्तिकर खात्याकडे दाखल करावयाचे आणि त्यावरून निघणारे ‘१० बीई’ हे प्रमाणपत्र दात्यास द्यावयाचे, असा नियम झाला. विवरणात दात्याचे नाव, पत्ता, पॅन वा अन्य ओळखक्रमांक, देणगीचा प्रकार, ती रोखीने, वस्तुरूपाने की बँकेमार्फत आली, आणि रक्कम हे सारे द्यावे लागते. विलंबास दररोज २०० रुपये शुल्क ठरविण्यात आले. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर अधिनियमासाठी १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठरविण्यात आली असून त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून चालू वर्षाचे क्रमांक आणि नमुने आपल्या सनदी लेखापालांकडून पडताळून घ्यावेत.

‘उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये’ ही गुप्तदानाची आपली कल्पना उदात्त असली, तरी २००६ च्या वित्त अधिनियमाने धर्मादाय संस्थांना मिळणाऱ्या निनावी देणग्यांवर मर्यादेपलीकडे ३० टक्के कर लावला. केवळ धार्मिक संस्थांना त्यातून वगळले गेले. परदेशी देणग्यांसाठी तर बंधन आणखी काटेकोर आहे. विदेशी योगदान नियमन अधिनियमातील २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच स्वीकारावी लागते, आणि तिचा हिशेब देशी देणग्यांत मिसळता येत नाही. निवडलेले सॉफ्टवेअर या दोन नोंदवह्या वेगळ्या ठेवू शकते का, आणि प्राप्तिकर खात्यास हव्या त्या सीएसव्ही साच्यात यादी काढून देऊ शकते का, ही त्याची भारतातील खरी परीक्षा होय. परदेशात नावाजलेले सॉफ्टवेअर येथे नापास होऊ शकते.

खर्चाचा ताळेबंद

विश्वस्तांच्या सभेत पहिला प्रश्न बहुधा खर्चाचा निघतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी आहेत. समजा, इन्स्टॉल्ड सॉफ्टवेअरचा परवाना ६०,००० रुपयांस मिळतो. चांगला संगणक आणि विजेची राखीव सोय यांस ७०,००० रुपये, राखीव प्रतींच्या डिस्कना १०,००० रुपये आणि वार्षिक देखभालीस १२,००० रुपये लागतात. पाच वर्षांचा खर्च २,००,००० रुपये झाला. उलट होस्टेड सॉफ्टवेअरला प्रत्येक वापरकर्त्यामागे दरमहा ९०० रुपये पडतात आणि जुनी माहिती भरून घेण्यास एकदाच २०,००० रुपये लागतात. तीन वापरकर्ते असतील, तर पाच वर्षांचा खर्च १,८२,००० रुपये होतो. म्हणजे होस्टेड स्वस्त पडले. पण संस्था वाढली आणि वापरकर्ते सहा झाले, तर तोच खर्च ३,४४,००० रुपयांवर जातो. इन्स्टॉल्ड सॉफ्टवेअरच्या परवान्यात सहा जण बसत असतील, तर त्याचा खर्च फारसा वाढत नाही.

या हिशेबात दोन गोष्टी सहसा निसटतात. एक, सॉफ्टवेअरसेवेवरील १८ टक्के जीएसटी. व्यापाऱ्यास तो करपरताव्यात वळता करता येतो. करपात्र विक्री नसलेल्या सेवाभावी संस्थेस तो खर्च म्हणूनच सोसावा लागतो. दुसरी, माणसाचा वेळ. इन्स्टॉल्ड सॉफ्टवेअरची प्रत दररोज घेणे, संगणकाची सुरक्षा अद्ययावत ठेवणे हे काम कोणीतरी नियमाने करावे लागते. हे काम बहुधा संगणकाची आवड असलेला एखादा तरुण स्वयंसेवक विनामूल्य करीत असतो. तो नोकरीनिमित्त परगावी गेला म्हणजे त्याच्या वेळेची खरी किंमत कळते.

जबाबदारी भाड्याने देता येत नाही

सुरक्षिततेबाबत दोन्ही बाजूंना गोड गैरसमज आढळतात. ‘माहिती आपल्या कपाटात आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हा एक. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने दीडशेच्या आसपास देशांतील संगणक बंद पाडले. ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांनाही तिचा मोठा फटका बसला. तिच्या तडाख्यात सापडलेले बहुतेक संगणक वेळेवर अद्ययावत न केलेले होते. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. जुन्या संगणकावर जुने सॉफ्टवेअर ‘चालते आहे ना’ म्हणून चालविणाऱ्या कार्यालयांनी याचा विचार करावयास हवा.

‘मोठ्या कंपनीकडे दिले, म्हणजे आपली चिंता मिटली’ हा दुसरा गैरसमज. देणगीदारांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर पुरविणारी अमेरिकेतील ‘ब्लॅकबॉड’ ही या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी. तिच्या सर्व्हरमध्ये हल्लेखोर शिरल्याचे तिला मे २०२० मध्ये कळले. ग्राहकसंस्थांना तिने ते जुलैमध्ये कळविले. तेरा हजारांहून अधिक संस्थांच्या दात्यांची माहिती या प्रकरणात गुंतली होती. कंपनीने खंडणी भरली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ४९ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांच्याशी तिला ४ कोटी ९५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवलेला एक ठपका आपण विशेष लक्षात ठेवावा असा आहे. पूर्वीच सेवा सोडून गेलेल्या ग्राहकांचीही माहिती कंपनीने वर्षानुवर्षे जपून ठेवली होती. घर सोडताना भाडेकरू आपले सामान नेतो. येथे सामानाची एक प्रत घरमालकाकडेच राहिली होती!

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. माहिती ज्या संस्थेने दात्याकडून घेतली, तिच्यावरच ती जपण्याची जबाबदारी राहते. प्रत्यक्ष काम दुसऱ्या कंपनीकडे सोपविले म्हणून ती टळत नाही. असे काम सोपविताना रीतसर करार हवा, हेही अधिनियम सांगतो. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद त्यात आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. सर्व्हर भाड्याने घेता येतो, विश्वास भाड्याने घेता येत नाही. दात्याने पैसे संस्थेला दिलेले असतात, सॉफ्टवेअर कंपनीला नव्हे.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

करारावर सही करण्यापूर्वी पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे मिळवावीत :

१. आमची संपूर्ण माहिती, पावत्यांसह, आम्हाला हवी तेव्हा साध्या तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येईल काय? त्यासाठी वेगळे शुल्क आहे काय?

२. सेवा बंद केल्यावर माहिती किती दिवस उपलब्ध राहील, आणि त्यानंतर ती नष्ट केल्याचे लेखी कळविले जाईल काय?

३. सर्व्हर कोणत्या शहरात आहे? राखीव प्रत दुसऱ्या शहरात आहे काय?

४. माहितीची चोरी झाल्यास किती तासांत कळविणार?

५. नमुना ‘१० बीडी’साठी लागणारे सर्व रकाने, आद्याक्षरांची नावे, तमिळ वा मराठी लिपी आणि तिथीनुसार स्मरणपत्रे यांची सोय आहे काय?

६. शुल्क रुपयांत आहे की डॉलरमध्ये? दरवाढीवर मर्यादा आहे काय?

७. इन्स्टॉल्ड असल्यास : पुरवठादाराने व्यवसाय बंद केला, तर माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येईल काय?

यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर उरलेले विचारण्याची गरज नाही. ज्या नोंदवहीतून आपले पान आपल्याला काढता येत नाही, ती आपली नोंदवही नव्हे.

मग निवड कोणती? एकाच कार्यालयातून चालणारी, दोन-तीन कार्यकर्त्यांची, इंटरनेट अनिश्चित असलेली किंवा रुग्णांच्या अथवा पीडितांच्या नोंदी दात्यांच्या नोंदींशी जोडलेल्या असल्यामुळे अधिक गोपनीयता पाळावी लागणारी संस्था असेल, आणि प्रती घेण्यास जबाबदार माणूस असेल, तर इन्स्टॉल्ड पद्धत योग्य ठरते. मात्र तिची एक सांकेतिक कुलूप लावलेली प्रत दर आठवड्यास इमारतीबाहेर, शक्य तर शहराबाहेर गेलीच पाहिजे. अनेक केंद्रे, फिरते स्वयंसेवक, ऑनलाइन देणग्या आणि संगणकतज्ज्ञाचा अभाव असलेल्या संस्थेस होस्टेड पद्धतच सोयीची, आणि अशा संस्थांचीच संख्या आज मोठी आहे. मात्र तिनेही दर महिन्यास आपली संपूर्ण यादी उतरवून एका लॅपटॉपवर, तशाच कुलपात ठेवावी. आणि वर्षातून एकदा, चेन्नईकरांनी ईशान्य मोसमी पावसाआधी सप्टेंबरात, मुंबई-पुणेकरांनी मे महिन्यात, ती प्रत खरोखर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही न वटविलेल्या धनादेशासारखी असते. ती हातात आहे, पण तिच्यामागे शिल्लक आहे की नाही हे कळत नाही.

बँकेचे साहाय्य

या कामात बँक कोठे येते? देणगी आज बहुधा बँकेच्या मार्गानेच येते. अडचण ओळखीची असते. खात्यावर ‘यूपीआय’चा बारा अंकी संदर्भक्रमांक आणि ५०१ रुपये एवढेच दिसते, दाता कोण, त्याचा पॅन काय, हे पासबुकात नसते. एनईएफटीने आलेल्या रकमेचे नाव अपुरे असते. म्हणून संस्थेने देणगीच्या आवाहनातच ‘रक्कम पाठविल्यावर नाव, पॅन व संदर्भक्रमांक कळवा’ असे ठळकपणे छापावे. खातेउतारा संगणकीय स्वरूपात घेऊन सॉफ्टवेअरमध्ये संदर्भक्रमांकावरून ताळमेळ दर आठवड्यास घालावा. मार्चअखेरीस बसून वर्षाच्या जमा रकमा जुळविणे म्हणजे हरवलेल्या दात्यांचा शोध घेणे होय. दात्यांनीही आपली ओळख देण्यात हयगय करू नये. नाव न कळविलेल्या देणगीचे प्रमाणपत्र मिळाले नाही, तर दोष नेहमीच संस्थेचा नसतो.

ज्या शाखांत सेवाभावी संस्थांची खाती आहेत, तेथील कर्मचाऱ्यांनी उतारा कसा उतरवून घ्यावा, खात्यावर सह्या करणारे विश्वस्त बदलल्यास कागदपत्रे वेळेवर कशी द्यावीत, हे आपुलकीने समजावून दिले, तर त्या संस्थांचे मोठे काम होते. पाच हजार रुपयांची देणगी बँकेच्या दृष्टीने लहान व्यवहार असेल. ज्याने ती आपल्या आईच्या स्मरणार्थ दिली, त्याच्यासाठी ती लहान नसते. पुढल्या वर्षी त्याच तिथीस संस्थेचे पत्र त्याच्या घरी पोहोचावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. नोंदवही दूरच्या सर्व्हरवर असो की कार्यालयाच्या टेबलावर, ती ही अपेक्षा पुरी करीत राहिली, तर सॉफ्टवेअरची निवड सार्थ झाली असे समजावे.